दिल्लीचा फोन

१८ जुलै
फॉर्म भरला! मानव्यविद्येचा राष्ट्रीय सन्मान. कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं. मी ओजस्विनीच्या आजोबांचं सुचवलं. बाबुराव, निवृत्त सुभेदार. चाळीस वर्षं जवानांनी घरी धाडलेली मराठी पत्रं गोळा करतायत. तीन पुस्तकं झाली, चौथं वहीत आहे. पंचकुल्यातल्या शेजाऱ्यांना मात्र वाटतं, म्हातारा रद्दी साठवतो.

माझ्या शिक्षणाच्या रकान्यात 'इंजिनिअरिंग, दुसऱ्या वर्षापर्यंत' लिहिलं. आजोबांच्या फोनच्या जागी माझाच नंबर टाकला — त्यांना फोनवर ऐकू येत नाही, आणि सरप्राइज फुटायला नको. सन्मान मिळाला की ओजस्विनीला सांगणार, हे कुणामुळे झालं. मग बघू नॉलेज सिटीत तिच्या मागेपुढे करणाऱ्या त्या पीएचडीवाल्यांचं काय होतं. सध्या फक्त निखिलला माहितीय. एका खोलीत राहून काय लपणार?

२ सप्टेंबर
चौथं पुस्तक टाइप करून देतोय. तिच्या घरी जायला निमित्त, दुसरं काय. आज एका शिपायाचं आईला पत्र — "इथं बर्फ पडतं. आपल्या म्हशीला दाखवायला पाहिजे होतं." दोनदा वाचलं. ओजस्विनी चहा ठेवून गेली तेही कळलं नाही. लक्षण बरं नाही.

९ नोव्हेंबर
सुखना तलावावर ओजस्विनीशी भांडण, सगळ्या मॉर्निंग वॉकवाल्यांसमोर. "कॉलेज सोडलंस, नोकऱ्या सोडतोस. एक तरी गोष्ट शेवटपर्यंत केलीस का, यार?" आता महिनाभर मी तिच्याशी बोलणार नाही.

१० नोव्हेंबर
मेसेज केला.

२३ जानेवारी
घालवलं सगळं.

दुपारी आयटी पार्कात मॅनेजरनं नुकतंच झापलं होतं. तेवढ्यात ०११चा, म्हणजे दिल्लीचा फोन, एक बाई. "जी, आपको सम्मान के लिए चुना गया है, आपकी सहमति चाहिए थी." मला वाटलं, लॉटरीवाले. म्हटलं, "नहीं चाहिए आपका सम्मान! दोबारा फोन मत करना." आणि नंबर ब्लॉक.

संध्याकाळी राजमा-चावलचा पहिला घास तोंडात, तेव्हा डोक्यात उजेड पडला. ब्लॉक काढून पंधरा वेळा फिरवला. कुणी उचलत नाही.

२५ जानेवारी
यादी आली. आजोबा नाहीत.

२६ जानेवारी
परेड चालू असतानाच दोघांना सांगून टाकलं. फॉर्मपासून फोनपर्यंत.

ओजस्विनी म्हणाली, "त्यांच्या वतीनं नाही म्हणणारा तू कोण?" तेही हळू आवाजात. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आजोबांनी टीव्ही बंद केला. "दिल्लीचा फोन? माझ्यासाठी?" आता कानाखाली बसणार म्हणून मी तयार. ते उठले, आत गेले, आणि मेडलवाला कोट घालून परत येऊन बसले.

३० जानेवारी
आजोबांनीच बोलावलं. ओजस्विनीनं दार उघडलं, माझ्याकडे न बघता आत गेली.

शेजारचे कर्नलसाहेब आले होते. आजोबा त्यांना सांगत होते, "दिल्लीचा फोन आला होता बरं का. या कैवल्यनं परतवला. डोकं तापट आहे लेकाचं, पण टायपिंग बरं करतो." म्हणे रोज सकाळी कोट घालूनच फिरायला जातात, आणि भेटेल त्याला हे सांगतात. समोरच्या सरदारजींनी लाडू आणून दिले. पुस्तक वाचायलाही मागितलं — मराठीतलं! रद्दी म्हणायचे हेच.

१ फेब्रुवारी
दोन आठवड्यांनी निखिल कंपनीच्या दिल्ली ऑफिसातून परतला. आल्या आल्या हसत सुटला. "कसा होता सन्मानाचा फोन? ऑफिसातल्या एकीला करायला लावला. संध्याकाळी सांगणार होतो, राहूनच गेलं."

चप्पल उचलली होती मी. खाली टाकली. ओजस्विनीचा नंबर काढला. एक वाक्य, आणि मी सुटलो असतो.

निखिलला आईची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. फोन दिल्लीचाच होता. उद्या पत्र क्रमांक ११२ पासून टायपिंग.