शाहूपुरीतला गोठा तेजस्वीला

मी, सयाजी दत्ताजी खराडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा पुतण्या उदयसिंह तेवढ्यावरूनही भांडेल. पत्नी वारली, मूलबाळ नाही.

१. राहतं घर व मागचा गोठा ही माझी स्वकष्टाची मिळकत पुतणी तेजस्वी हिला. गोठ्याच्या जागी तिने प्रयोगशाळा करावी. ती सस्तन प्राण्यांच्या पेशींत नवं जनुक घालून त्यांच्याकडून औषध बनवून घेते, रक्त थांबत नाही अशा रोग्यांसाठी. तिच्या हातकणंगल्याच्या जागेचा भाडेकरार संपत आलाय. जागा नसेल तर काम बंद पडेल.

२. उदयसिंहाला इथे मंगल कार्यालय काढायचं आहे. कमानीचं चित्रसुद्धा मला दाखवून गेला, मी जिवंत असताना. त्याला यातली एक वीटही मिळू नये. कारण लिहून ठेवतो.

त्याच्या हळदीला माझ्या गोठ्यावरचा गडी बाळासो धारेसाठी मांडवातून उठला. उदयसिंह म्हणाला, "जावा की, जनावर खोळंबलंय!" मागोमाग तेजस्वी उठली. पेशींना खाद्य द्यायची वेळ झाली होती. तर हा सख्ख्या बहिणीवर गरजला, "भावापरीस उंदराच्या पेशी मोठ्या व्हय गं? बस गप!" तिच्या पर्समधली प्रयोगशाळेची किल्ली काढली, ती लग्न, सत्यनारायण सगळं उरकल्यावर दिली. वर्षभर निवडून वाढवलेल्या पेशी उपाशी मेल्या. मी ओरडलो, तर म्हणाला, "काका, तुम्ही जेवा की." पाहुणे हसले. पोरगी नव्या नवरीची ओटी भरून मग आत जाऊन रडली.

३. तेजस्वी, बाळ, तू पुन्हा पेशी वाढवल्या आहेस. गोठ्याला नवं कुलूप घातलंय. किल्ली भावाच्या हाती देऊ नकोस, लग्न कुणाचंही असो.

४. उदयसिंहाला काहीच दिलं नाही, असं भावकीने म्हणू नये. माझी म्हैस चंद्री त्याला. अट एकच. दोन्ही वेळची वैरण, पाणी, धार त्याने स्वतः करायची. वरात असो, नाहीतर आमदाराचा वाढदिवस, उठून जायचं. एक वेळ चुकली की चंद्री बाळासोची. बाळासोने दावं आत्ताच नेऊन ठेवावं.

सही: सयाजी दत्ताजी खराडे
कोल्हापूर, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सयाजीरावांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली. पूर्ण शुद्धीत होते. चौथं कलम त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं.

साक्षीदार:
१. अल्लाउद्दीन गुलाब बागवान, शाहूपुरी
२. विश्वजित आनंदा सरनोबत, शाहूपुरी