चौथ्यांदा हाडं बघायला

११ मे, रविवार
आज तिसऱ्यांदा हाडं! लग्न जमतंय का बघायला भेटायचं, आणि हा कुरातानी दर रविवारी मला डायनासोरच्या म्युझियममध्ये नेतो. स्टेशनवरून तिथं जाणारी बस हाच चालवतो. आठवडाभर लोकांना तिथं सोडायचं, सुट्टीला मला. कात्सुयामात दुसरी जागाच नाही?

दारातला यांत्रिक प्राणी डरकाळ्या फोडतो, पोरं किंचाळतात, हा गप्प. गुडघे दुखतात म्हटलं तर जाऊन व्हीलचेअर घेऊन आला. म्हणे, बसा. मी त्रेपन्नची आहे, त्र्याण्णवची नाही! पाट्या वाचायला मला वेळ लागतो – पोरवयातच शाळा सोडून मागावर बसले – तर माझं वाचून होईपर्यंत शेजारी खांबासारखा उभा.

१३ मे
वहिनीनं माझी खोली मोजली. टेप लावून, मी समोर बसलेली असताना. भाच्याची बायको येणार ना, पानगळीच्या आधी. जा असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडे म्हणत नाहीत, मोजतात. जायचं कुठं, तर फुकुई शहरात, मागाच्या कारखान्याच्या वसतिगृहात. या वयात!

१४ मे
ज्यांनी हे स्थळ आणलं त्या नोझावाकाकूंकडे गेले. तीन भेटी झाल्या की उत्तर द्यायचं, अशी रीत. तेही काकूंमार्फत. आपण एकमेकांना विचारायचं नाही. त्याच्याकडून अजून काही नाही म्हणाल्या. पुरुष खारवलेल्या बांगड्यासारखे, मुरायला वेळ लागतो म्हणे. मुरण्यात आणि सडण्यात फरक असतो, असं सांगून आले.

१८ मे, रविवार
चौथ्यांदा. काचेपलीकडं माणसं बारीक हत्यारांनी दगडातून हाड मोकळं करत होती. हा तिथंच खिळला. मग एकदाचं तोंड उघडलं.
"एका हाडाला वर्षं जातात. पण घाई करत नाहीत."
"हाड मेलेलं आहे, त्याला कसली घाई," मी म्हटलं. "मी जिवंत आहे."
हसला. इतका मोठ्यानं की रखवालदारानं वळून बघितलं. जेवताना स्वतःचा किसलेला मुळा उचलून माझ्या सोबा-नूडल्सवर घातला. मला जास्त लागतो हे कधी बघितलं कोण जाणे. उत्तर मात्र नाही. डोकं फिरायची वेळ आली.

२० मे
काकूंना धारेवर धरलं तेव्हा कुठं कळलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, मी म्हटलं, "त्यांची मर्जी असेल तसं." वहिनी शेजारी होती, असंच म्हणायचं असतं. आणि त्यानं काय सांगितलं? "त्यांची मर्जी असेल तसं." काकू दोघांच्या मर्जीची वाट बघत बसल्या! मग आता विचारा ना, म्हटलं. तर म्हणे, आधी कुणाला? जो आधी 'हो' म्हणेल आणि समोरून 'नाही' येईल, त्याची शोभा.

सगळे सभ्य. आणि सभ्यपणापायी माझं घर हातचं चाललं.

वहिनी म्हणते, बाईमाणसानं आधी बोलणं बरं दिसत नाही. न दिसो.

२५ मे, रविवार
म्युझियमच्या त्या लांबलचक सरकत्या जिन्यावर, तो एक पायरी खाली, पळायला जागा नाही – तिथं बोलले. "कुरातानी-सान, मला तुम्ही हवे आहात. डोक्यावर छप्पर हवं म्हणून नाही, तुम्ही. हो की नाही, येत्या रविवारपर्यंत सांगा. काकूंना नाही. मला."