गच्चीवरचा उलटा फ्रिज

सावेडी, अहिल्यानगर
१४ नोव्हेंबर

प्रिय अजिनाथ,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे फोडलंच नसतंस, म्हणून पत्ता तुझ्या माधुरीवहिनीकडून लिहून घेतला. ती सहजासहजी तयार झाली नाही. "पत्ता लिहून देते, पण आत सगळं खरं लिहायचं," अशी अट घालून मगच तिनं पेन हातात घेतलं. तू माझा नंबर फोनवर बंद करून ठेवला आहेस हे मला ठाऊक आहे. दिवाळीत सात वेळा लावला आणि सातही वेळा एका बाईनं मला इंग्रजीत गोड आवाजात वाटेला लावलं. म्हणून हा कागद. यात तुला माहीत असलेलंही मी पहिल्यापासून लिहिणार आहे, कंटाळू नकोस. मधला एक तुकडा तुला माहीत नाही, आणि तेवढाच एकदम लिहिला तर तू पत्र सरळ बंबात घालशील. राजूरला तू रोज सकाळी लाकडं फोडून बंब पेटवतोस असं तुझ्या ज्ञानेश्वरीनं फोनवर माधुरीला सांगितलं. सोळा घरांच्या नळाला गरम पाणी आणणारा माणूस लेकीच्या अंगणात धुरानं डोळे चोळत बसतो, हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. माधुरी म्हणते लागतो, पण ते जाऊ दे.

आपल्या रेणुका अपार्टमेंटच्या थंडीतल्या सकाळी आठव. चार मजले, सोळा घरं, एकोणनव्वद सालची वायरिंग. साडेसहाला सोळा गीझर एकदम लागले की जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून जळका वास यायचा आणि मेन फ्यूज उडायचा. मग अंगाला साबण लावलेली माणसं बाथरूमच्या झरोक्यांतून एकमेकांना हाका मारायची. कोण किती वाजता आंघोळीला बसतं हे सगळ्या जिन्याला पाठ होतं. सौर बंब बसवावा तर शेजारी सात मजली उभी राहिलेली, तिची सावली अकरा वाजेपर्यंत आपल्या गच्चीवरून हलत नाही. वायरिंग बदलायची तर सोळा घरांच्या भिंती फोडायच्या. बारा वर्षं मी सेक्रेटरी होतो आणि बारा वर्षं मी एकच उपाय केला, फ्यूजची तार जरा जाड टाकली. त्यावर तू, आयटीआयमध्ये जन्मभर वायरमन घडवलेला माणूस, मला म्हणाला होतास की ही बिल्डिंग एक दिवस पेटेल. मी तुझ्याशी चार दिवस बोललो नव्हतो.

मग लोकांनी तुला सेक्रेटरी केलं. माझी मुदत संपली होती, त्यात तुझा काही दोष नव्हता, हे मी आता लिहितो आहे. तेव्हा मला ते मुळीच पटलं नव्हतं. पहिल्याच सभेत तू उभा राहिलास आणि म्हणालास, गच्चीवर एकच हीट पंप बसवू, सगळे गीझर काढून टाकू. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हा उलटा फ्रिज, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. वीज उष्णता तयार करायला लागत नाही, नुसती वाहून आणायला लागते, म्हणून गीझरच्या तिसऱ्या हिश्शात काम होतं. तळमजल्याच्या रतनबाई लगेच म्हणाल्या, "आवो भाऊ, हवेतनं गरमी वढती म्हनं ही मशीन. मग उन्हाळ्यात माझ्या घरातली बी घिऊन जा म्हनावं!" लोक हसले. त्या हसण्यावर मी उठलो आणि विचारलं, डिसेंबरात नगरच्या हवेत उष्णता असते कुठे? टाळ्या पडल्या. बारा वर्षांत मला कधी टाळ्या पडल्या नव्हत्या. तू शांतपणे म्हणालास, "हवेत कमी पडली तर उत्तमच्या डोक्यातली घेऊ, तिथं बारमाही आहे." अजिनाथ, त्या वेळी जे हसू उसळलं ना, ते मला अजून ऐकू येतं. माधुरी हसली. वॉचमन आसाराम दारात उभा होता, तोसुद्धा तोंडावर टोपी धरून हसला.

काम मात्र तू देखणं केलंस. मी खुर्ची टाकून रोज बघत होतो, चुका शोधायला. दोन हजार लिटरची टाकी तू गच्चीच्या मधोमध ठेवू दिली नाहीस. आधी इंजिनिअर आणून दाखवलंस आणि मग खालून कॉलम येतात तिथे लोखंडी सांगाडा करून त्यावर टाकी बसवलीस. मशीनखाली रबराचे जाड तुकडे घातलेस, वरच्या मजल्यावर घरघर जाऊ नये म्हणून. पाइप जुन्या डक्टमधूनच उतरवलेस, एकही भिंत फोडली नाहीस, आणि त्यांना बाळंतिणीला बांधतात तसं गुंडाळलंस. तळमजल्याला गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या वाया जाऊ नयेत म्हणून परत वर जाणारा वेगळा पाइप टाकलास. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते ओळखून आधी ते मऊ करणारं यंत्र बसवलंस. मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, पाण्याचं काम मला कळतं. मला एकही चूक सापडली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पहिले पंधरा दिवस स्वर्ग होता. मग डिसेंबरात मशीन एके दिवशी पहाटे बंद पडली. लोक उठले तेव्हा टाकी गार. अकरा वाजता मेकॅनिक आला, बटण दाबलं, मशीन सुरू. त्याला काही सापडेना. आठ दिवसांनी परत तेच. जानेवारीत परत तेच. मेकॅनिक आला की ती गुणी बाळासारखी चालायची. तू रात्रभर जागून पुस्तक वाचायचास, तारा तपासायचास, तुझे डोळे खोल गेले होते. मी तुला जिन्यात भेटलो की विचारायचो, काय, आज आंघोळ की गोळी? आणि मग रतनबाईंच्या नातीचा, संस्कृतीचा साखरपुडा आला. आदल्या संध्याकाळी घोडेगावहून बावीस पाहुणे मुक्कामाला आले, आणि सकाळी टाकी गार. गीझर तर सगळ्यांचे काढलेले. गॅसवर पातेली चढली, पण बावीस माणसांना पुरणार किती? नवऱ्या मुलाचे मामा, बाजारात म्हशींचा व्यापार करणारे, गार पाण्यानं कुडकुडत मांडवात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्याकडं म्हशीला सुदीक कोमट पानी घालत्यात!" साखरपुडा झाला, एप्रिलात लग्नही झालं. पण त्या दिवशी लोक तुला जे बोलले, जुनी मशीन रंगवून आणली म्हणाले, ते तू मान खाली घालून ऐकलंस. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिलास, आठवड्यानं घराला कुलूप लावून राजूरला निघून गेलास. मी खिडकीतून टेम्पो बघत होतो. खाली आलो नाही.

सेक्रेटरी परत मी झालो. त्या दिवसापासून मशीन एकदाही बंद पडली नाही. लोक म्हणायला लागले, उत्तमरावांच्या हाताला गुण आहे. मला शाल दिली, नारळ दिला. तुझी वही माझ्याकडे आली, त्यात तू लिहून ठेवलं होतंस की मशीन पहाटेऐवजी दुपारी चालवून बघायची, हवा गरम असते, वीज आणखी कमी लागेल. मी तसं केलं आणि माझी अक्कल म्हणून खपवलं. मे महिन्यात दुपारी लोकांच्या लक्षात आलं की पाणी तापवताना ही मशीन पुढून गार हवा फेकते. मग काय, गच्चीवर मेळाच. कापड बांधून सावली केली, आणि एसीवाल्या घरातली माणसंसुद्धा वर येऊन बसू लागली. रतनबाईंनी तर स्टूल टाकून पहिली जागा पकडली. रोज म्हणायच्या, "अजिनाथभाऊनं लई चांगलं काम केलं हुतं. बिचाऱ्याला हाकलून दिलं आपुन." त्यांच्या शेजारी बसून मी ती गार हवा खायचो. तशी गार हवा आणि तसा घाम मला एकाच वेळी कधी आला नव्हता.

आता गेल्या आठवड्यातलं. मेकॅनिक वर्षाच्या तपासणीला आली. नवीन मुलगी होती, पूजा नावाची, हुशार. तिनं मशीनला मोबाईल जोडला आणि म्हणाली, हिच्यात बिघाडाची सगळी नोंद असते, आधी कुणी बघितली नाही का? चारही वेळा एकच कारण आहे, टाकीतून मशीनकडे येणारं पाणी अडलं होतं, तसं झालं की मशीन बटण दाबेपर्यंत बंदच राहते, आणि सकाळी सहाच्या सुमाराला पाणी परत सुरू झालं. मशीन नीट आहे, कुणीतरी हातानं व्हॉल्व्ह बंद केला आणि उघडला. सगळी कमिटी गच्चीवर उभी होती. गच्चीची किल्ली कुणाकडे? आसारामकडे. झालं. दोन मिनिटांत ठरलं की येत्या रविवारच्या सभेत आसारामला काढायचं, आणि काढल्याचं पत्र सेक्रेटरी म्हणून मी लिहायचं. आसाराम हात जोडून म्हणाला, "म्या न्हाई केलं साहेब. म्या तर रोज पाया पडत हुतो त्या मशीनीच्या. माझी बायकू बायडाबाई दम्याची, गार पान्यानं तिला लई त्रास व्हतो. तिच्या बादलीवर म्या कसा हात घालीन?" हे बोलताना तो सगळ्यांकडे बघत होता, फक्त माझ्याकडे बघत नव्हता.

कारण त्याला माहीत होतं, अजिनाथ. संध्याकाळी सातला मला फेऱ्या मारायला गच्चीचं दार तोच उघडून द्यायचा, आणि सकाळी सहाला प्राणायामासाठीही तोच. माझ्या गुडघ्यांनी चार मजले चढून प्राणायाम करणारा मी कुठला? पाणी अडवणं आणि सोडणं हेच मी तीस वर्षं केलं, कालव्यावर. एक व्हॉल्व्ह मला काय जड आहे? मी तीन वेळा केलं असं लिहिलं होतं, माधुरीनं वाचून खोडलं आणि चार केलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी पायरीवर थांबलो होतो, पाहुण्यांचा आवाज खालून येत होता. तरी वर गेलो. तुझी फजिती व्हावी, लोकांनी एकदा तरी माझं बरोबर होतं म्हणावं, एवढंच हवं होतं. तू निघून जाशील असं वाटलं नव्हतं. आणि आसारामनं पोटावर पाय येत असतानाही माझं नाव घेतलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी त्याला विचारलं, का रे? तर म्हणाला, "तुमी सोताच सांगताल वाटलं."

म्हणून हे पत्र लिहिलं. इथपर्यंतच्या पानांची झेरॉक्स मी आज सकाळी जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर लावली आहे, माझ्या राजीनाम्याशेजारी, त्यामुळे तुझ्या हातात हे पडेल तोवर सगळ्या बिल्डिंगनं वाचलेलं असेल. झेरॉक्सला उभा राहिलो तेव्हा दुकानदारानंही वाचलं. मी तिथून हललो नाही. आसाराम कामावर राहील, तेवढं कमिटीनं दुपारीच मान्य केलं. माझ्याशी सकाळपासून कुणी बोललेलं नाही. मी तुला माफ कर म्हणत नाही, ते फार सोपं झालं असतं. रविवारी अकराला सभा आहे. राजूरहून पहाटेची एसटी मिळते. तू ये, आणि सगळ्यांसमोर मला जे बोलायचं ते बोल. मी मधे एक शब्द बोलणार नाही. पस्तीस वर्षांच्या ओळखीत हे पहिल्यांदाच घडेल, तेवढं बघायला तरी ये.

तुझाच,
उत्तम