बाजलं वळेल का

८ जाने. ५५, मानवत
चिठ्ठ्या निघाल्या. बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बेघरांच्या जागांत माझं नाव आलं! कोपऱ्याची जागा. गल्लीपलीकडं, अगदी समोर, मेंढरं राखणारा बिरू आणि त्याची बायको कौशी. कौशीचं नाव आमच्याच दवाखान्यात घातलेलं, आठवा सरत आलाय. ड्यूटी संपल्यावर जागा पाहून आले. मैदानावर नुसत्या फक्कीच्या रेघा. एक खोली, पुढं ओटा, संपलं घर. माझं गाव वालूर सोडल्यापासून नुसत्या भाड्याच्या खोल्या. आनंद झाला. लय झाला.
घरमालकीण आक्का म्हणाल्या, "खुराडी हायत ती, बाई."
म्हटलं, असू द्या, कोंबडीला भाडं तर पडत न्हाई.

११ जाने.
गल्लीत बैठक. मधोमध आक्कांचे मालक, नाना. अडतीचं दुकान, गल्लीत त्यांचाच शब्द. मैदान आमच्या गल्लीला लागूनच. एवढ्याशा जागेत इतकी घरं? आड एकच, पाणी कुठून पुरणार? पटकी आली तर आधी आपल्या दारात. घरं निम्मी करा, असा अर्ज द्यायचा ठरला.
बोलणं खोटं नाही. दाटीच्या घरात पटकी शिरली की काय होतं ते मी पाहिलंय. पण घरं निम्मी म्हणजे चिठ्ठ्या पुन्हा, आणि निम्मी नावं बाद. हे कुणी बोललं नाही. मीही नाही.
उठताना नाना: "नर्सबाई, बलदियाच्या सायबापुढं रोगराईचं तुमी सांगायचं. तुमचं ऐकतेत."
हं म्हटलं. कशाला म्हटलं देव जाणे.

१६ जाने.
बलदियाचे साहेब रेघा पाहायला आले. नानांनी तमाशाच मांडला. आजारी माणूस या आखलेल्या गल्लीतून कसा निघणार ते दाखवतो म्हणाले. बाजलं मागवलं, वर आक्कांना निजवलं, चौघांनी उचललं. आक्का काय हलक्या आहेत? नेमक्या माझ्या कोपऱ्यावर बाजलं अडलं. आक्कांचे पाय माझ्या घरात, डोकं कौशीच्या. "आरं मुडद्यांनो, पाडताल मला!" साहेबही हसले.
मग माझ्याकडं वळून, "बाई, तुमचं काय म्हणणं?" सगळे बघायले. बिरू पण, काठीवर हनुवटी टेकून.
विचार करून सांगते, म्हटलं. आठ दिवसांनी कचेरीत या, म्हणाले. नाना घरापर्यंत चार पावलं पुढंच चालले.
बाजलं वळत नाही. हे मात्र खरं.

१९ जाने.
कौशी मोकळी झाली, दिवसांआधीच. मुलगी. अंगानं बारीक, आवाज दांडगा.
दिराच्या एका खोलीत तीन बिऱ्हाडं, बाळंतिणीला कोपरा नाही. बाहेर शेळ्यांच्या मागं गोणपाटाचा आडोसा करून बाळंतपण. थंडी ही अशी. बिरूवर खेकसले. बिचाऱ्यानं मान खाली घातली.
कौशी म्हणते, "बाई, ती जागा लय दाटीची हाय म्हणायलेत. आसंना. दार तर आपलं ऱ्हाईल."
राग आला. कुणाचा, ते कळेना.

२२ जाने.
दवाखान्यातून येताना मैदानाला वळसा घातला. आमच्या आखलेल्या घरांमागं नानांच्या बैलगाड्या सुटून उभ्या राहतात ती लांबट पट्टी मैदानातलीच आहे. सरकारची. गावाला माहीत आहे, विचारत कुणी नाही. रेघा तिकडं सरकवल्या तर गल्ली रुंद होईल, घर एकही कमी न होता. इतकं सरळ.
पण राहते मी आक्कांच्या खोलीत. रोज दुपारी त्यांच्याकडून ताक येतं. तापात पडले तेव्हा उशाशी त्याच बसल्या होत्या. काय करावं...

२४ जाने.
सांगून टाकलं. कचेरीत, नानांसमोर. बाजलं वळत नाही, गल्ली रुंद पाहिजे, आड दुसरा पाहिजे. घरं कमी करायचं कारण नाही, गाड्यांची पट्टी घ्या. साहेब नकाशात डोकं घालून बसले. "वर विचारावं लागेल."
नाना टोपी नीट करून उठले. बाहेर आल्यावर एवढंच: "खाल्ल्या घरचे वासे मोजले, बाई तुमी."
मी तशीच दवाखान्यात ड्यूटीवर गेले.

२९ जाने.
ताक बंद. आज आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. "यांनी सांगितलंय, पाडव्यापर्यंत खोली मोकळी करा." मग हळूच, "हे मी न्हाई म्हणायले, बाई."
माहीत आहे, म्हटलं. मग त्यांना घरातून हाक आली.

६ फेब्रु.
वरून काही नाही. वर म्हणजे परभणी का हैदराबाद, तेही कुणी सांगत नाही. नानांच्या गाड्या होत्या तिथंच सुटतायत. बिरूची मेंढरं मैदानात बसून गेली, रेघा पार पुसल्या.
कौशी लेकीला घेऊन मैदानातच उन्हाला बसली होती. म्हटलं, आता आपल्या जागा कशा गं ओळखायच्या?
तिनं बसल्या जागी हात आपटला. "ही माझी. तुमी हुब्या हाव ती तुमची."
बसले मग. समोरासमोर लय जवळ वाटलं. मी जरा मागं सरले, तीही पोरीला घेऊन सरली. आता मधून बाजलं वळलं असतं.
पाडवा दीड महिन्यावर.