पाणी चौथ्या तबकडीत

मंगळवार, १२ मार्च १९७४

आधी आला तो ग्रामोफोनच्या तबकड्या विकणारा, एवढ्या उन्हात कोट घालून! मागून धरमपेठेतली शिकवणीवाली बाई. माझ्या नातीले, छबीले, स्पॅनिश शिकवायले दोघंही टपलेले. पायाच्या दुखण्यानं पोरीचं शिक्षण घरीच, अन् दिवाळीनंतर बापाकडे मेक्सिकोले जायची. तिथं हिचं बोलणं कोणाले कळणार? याच काळजीनं मले घास गोड लागत नाही.

कोटवाल्यानं तबकडी लावली. पहिला धडा काय, तर हॉटेलात खोली घेणं! नऊ वर्षांची पोर खोली घेणार? मी विचारलं, "तहान लागली तं कसं सांगायचं गा?"

"आजी, पाणी चौथ्या तबकडीत आहे."

तवरीक पोरीनं मरावं? बाई त्याच्यावर कडी. म्हणे, व्याकरण पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मोठी शहाणी!

तरी पाहुणे ते पाहुणे. भाकरीवर भिवापुरी मिरचीचा ठेचा वाढला. दोघांचे डोळे वाहायले लागले तशी तांब्या धरून मी म्हटलं, "आता त्याच भाषेत मागा." पाहुण्याचं पाणी अडवणं पाप, पण काय करू? कोटवाला खरंच चौथी तबकडी शोधू लागला, मेला! बाई मात्र किंचाळली, "आग्वा!" छबीनं खिदळत तांब्या नेऊन दिला. तेव्हापासून मलेच म्हणून राहिली, "आजी, आग्वा!" जीव कसा थंड झाला माझा!

कुठं गेलं होतं वं बाई तुझं व्याकरण? पण हिलेच ठेवलं. गुरुवारी येते म्हणाली. ठेचा ताजा वाटीन.