शेवटचा पिवळा तुकडा

प्रिय दादा,

तुझा पत्ता माहीत नाही, तरी लिहायला बसलेय. माझं काम अजून तेच आहे. दर वर्षी शहरातल्या जमिनीचे नवे भाव येतात आणि ऑफिसात मी ते नकाशावर रंगवते. स्वस्त भाग पिवळा, मधला नारिंगी, महाग लाल.

प्लॉट विकू का, असं तू विचारलंस तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "विकून टाक. नाल्यापलीकडचा भाग आपण मरेपर्यंत पिवळाच राहणार." दोन वर्षांत नाल्यावर पूल झाला आणि तो भाग मीच लाल केला. वहिनी एवढंच म्हणाली, "वन्सं, रंग छान भरलाय हो." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

प्लॉटच्या पैशांत मग कुठेच घर येईना. तुम्ही भाड्याने राहायला लागलात, आणि भाडं वाढलं की आणखी लांब जायचात. तू फोन बंद केलास तरी मला कळायचं, जिथे पिवळा तिथे दादा. दर रविवारी मी त्या गल्ल्यांतून हिंडते, वाळत घातलेल्या कपड्यांत तुझा चौकड्यांचा शर्ट शोधते.

यंदा एकच तुकडा पिवळा उरला होता, खाणीमागचा. आज त्याचेही नवे भाव आले. साहेब हसून म्हणाले, "बाई, पिवळी पेन्सिल आता कपाटात ठेवून द्या." मग रडत रडत नारिंगी भरला, पण रेषेबाहेर जाऊ दिला नाही.

दादा, आता तुला शोधू कुठे?

तुझी,
'विकून टाक' म्हणणारी