चंबूतला श्वास

५ जून

चि. सौ. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दादाने लहानपणी ठेवलेलं नाव मी अजून पाकिटावर लिहिते म्हणून पोस्टमन हसतो. हसू दे.

ह्यांच्या काचकारखान्याने आता पुण्यकर्म आरंभलंय. दर बुधवारी कंपनीची दवाखान्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, छाती फुकट तपासून देतात. मलाही एका नळीत फुंकायला लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, या वयात एवढा दम! म्हटलं, जन्मभर बडबडीचा व्यायाम आहे. उतरताना मात्र पायरीवरच जरा बसले. ही गाडी दहा वर्षं आधी आली असती तर, एवढंच मनात आलं. असो.

शाळेलाही कंपनीने प्रयोगशाळा बांधून दिलीय. तिथे परीक्षानळ्या ज्या रीतीने धुतात ते बघवेना, म्हणून मीच जाते धुवायला. काचेच्या माणसाशी चाळीस वर्षं संसार केला, एवढं तर येतं. नळ्या वाळेपर्यंत पोरींचं विज्ञानाचं पुस्तक वाचते. काचेभोवती गुंडाळलेल्या रद्दीवर वाचायला शिकलेली मी. आता कुठे पानांना पुढचं पान सापडतंय.

मुद्द्याचं म्हणजे, कंपनीची एक मुलगी घरी आली होती. गोड आहे. तिला ह्यांचा काचेचा चंबू हवाय. निवृत्तीच्या दिवशी ह्यांनी फुंकलेला आणि मान ज्योतीवर वितळवून कायमचा बंद केलेला. प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवून खाली पितळी पाटी लावायचं म्हणते. शेवटच्या वर्षी हे एकेक श्वास ओढून घेत होते, तेव्हा मी म्हटलं होतं, फोडू का तो? आतला श्वास तुमचाच आहे, परत घ्या. हसता हसता खोकले. म्हणाले, राहू दे, पोरांना दाखव कधीतरी.

मी चंबू शाळेत दाखवायला नेला, तर एका पोरीने विचारलं, आजी, आत श्वास आहे हे कशावरून? विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, पाण्याखाली मान मोडली तर बुडबुडे दिसतील. म्हणजे तो आहे हे कळेल आणि त्याच घटकेला नाहीसा होईल. दुपारी घरी खिडकीतल्या चंबूचा कवडसा भिंतीवर हलतो, कुणी येरझारा घातल्यासारखा. तो बघत बसते. काय करू?

लोभ आहेच, तो काचेसारखा जपावा.
तुझी वहिनी

१४ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पाटी नको आणि पाणीही नको. खबरदार हात लावाल तर!

माझ्याकडे दादाचं काय आहे? एक काचेची खार होती, तिची शेपटी धाकट्याने मोडली. तुमच्याकडे चाळीस वर्षं आहेत. तो चंबू तुमच्या खिडकीत असला तरी निम्मा माझा आहे, असं मी मनाशी धरून चालते.

परवा स्वप्नात चंबू कानाला लावला, तर आत आपलं सगळं घर ऐकू आलं. दादा उंबऱ्याशी पायाने चपला चाचपडत होता, नेहमीसारखा. माझ्या लग्नाला निघताना आठवतं? सगळे गाडीत बसलेले, तुम्ही कुलूप घेऊन दारात. तुमचं आपलं, चला आता, चला आता. आणि तो आतून ओ देतोय, निघतच नाही.

रागावू नका. पण नको.

आपल्या मायेची भुकेली,
खारूताई

२२ जून

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

तुझा राग पोचला. पाकीट हाताला गरम लागलं.

पाटीला मी नाही म्हटलं. ह्यांना कपाट मानवायचं नाही. त्या मुलीने कागद मिटून ठेवले, दोन कप चहा प्यायली आणि तासभर ह्यांच्याच गोष्टी ऐकत बसली. मोठ्या कंपनीला असं मुकाट ऐकणारं माणूस मिळालंय, बरं झालं.

पाण्याचं तुझ्यावर सोडते. भीती एवढीच, की एखाद्या दुपारी तो माझ्या हातून निसटेल. मग ना आवाज, ना साक्षीदार, नुसत्या काचा भरायच्या. त्यापेक्षा पंचवीस पोरींनी बघितलेला बरा. पण निम्मा तुझा, हे खरं आहे. तू नाही म्हटलंस तर तो खिडकीत राहील.

माया आटू देऊ नकोस.
तुझी वहिनी

१ जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आठ दिवस धुसफुसले. मग म्हटलं, दादा स्वतः पोरांना दाखव म्हणाला होता, तर आपण कोण अडवणार? दाखवा.

माझा पाय प्लास्टरमध्ये आहे, येता येत नाही. म्हणून दोन अटी. आवाज कसा झाला ते लिहायचं. आणि घाई करायची नाही. त्याला घाई खपत नसे.

आपली,
खारूताई

९ जुलै

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

काल झालं. काचेची टाकी भरून ठेवली होती. पोरी बाकांवर चढलेल्या, कंपनीची मुलगी मागे भिंतीशी. मी कानशीने चंबूच्या मानेवर चरा ओढला. ह्यांनी शिकवलेलं हात विसरले नव्हते. चंबू उलटा धरून मान पाण्यात बुडवली आणि मोडली.

बुडबुडा आलाच नाही! उलट पाणीच कारंज्यासारखं आत उसळलं, निम्म्यापर्यंत चढलं आणि थांबलं. बाईंनी समजावलं, मान बंद करताना आतला श्वास तापून फुगला होता, तो निवल्यावर आक्रसला. मोकळी झालेली जागा पाण्याने घेतली. ती प्रश्नवाली पोर लगेच म्हणाली, आत काहीच नसतं तर चंबू काठोकाठ भरला असता. म्हणजे वर उरलेत ते आजोबा.

खारूताई, मला हसूच फुटलं. दार उघडलं तरी हे बाहेर पडेनात, वर पाहुणा आत घेऊन बसले!

बाई म्हणाल्या, असाच धरलात तर श्वास आत राहील, पाण्यातच मान वर केलीत तर निघेल. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी घाई केली नाही. टाकीत ऊन उतरलं होतं, छतावर कवडसा हलत होता. हात भरून आला तेव्हा हळूच म्हटलं, चला आता. आणि मान वर केली.

निघाले. एकदम नाही, एकेक करत. आवाज विचारला होतास ना? डुब... डुब... उंबऱ्याशी पायाने चपला चाचपडाव्यात तसा.

शेवटचा बुडबुडा फुटला आणि त्या पोरीने जाऊन खिडकी उघडली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चंबू धुऊन, वाळवून, रद्दीत गुंडाळून तुझ्यासाठी आणतेय. आता तो सगळा तुझा.

पाय जप, आणि माझी वाट बघ. या खेपेला कुलूप लावून मीच निघतेय.
तुझी वहिनी